रानडुक्कर मारायचं का नाही, हे दिल्लीतल्या कोणत्या खोलीत ठरतं?

सोयाबीन शेंगात आलं की आमच्याकडं गावागावात एकच विषय असतो, रानडुकरं. लातूर-धाराशिवकडची बालाघाटाला लागून असलेली गावं घ्या नाहीतर नांदेडात किनवटकडची, बॅटरी घेऊन जागलीला जायचं, फटाके फोडायचे, डबे वाजवायचे, आणि सकाळी जाऊन बघावं तर पीक लोळवलेलं. मग हॉटेलात चहा पिताना एकजण ठासून सांगतो की सरकारनं शिकारबंदी केली म्हणून हे व्हायलंय, बंदी उठवली की विषय संपला. दुसरा म्हणतो दिल्लीत प्राणीप्रेमींची लॉबी लई मोठी आहे, ती उठवू देत नाही. तिसरा म्हणतो आपला खासदारच झोपलाय.

तिघंबी थोडेथोडे बरोबर आहेत. पण शिकारीचा कायदा "बंदी ठेवायची का उठवायची" असा सरळ मतदान घेऊन कधीच ठरत नाही. तो ठरतो परिशिष्टात, व्याख्येत, अधिकार कुणाला दिला त्यात, आणि ज्या समितीच्या खोलीत ह्या गोष्टींवर पेन फिरतो त्या खोलीत कोण बसलंय त्यात. आपण तिथं नसतो. एवढंच समजावून सांगायचंय, पण त्यासाठी कायदा थोडा उलगडावा लागंल, कंटाळू नका.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. कलम ९ म्हणतं शिकार करायची नाही. आणि शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नाही बरं का, फास लावणं, विष घालणं, पकडणं, हाकून नेणं, आमिष ठेवणं, नुसता प्रयत्न करणं सुद्धा शिकारच. म्हणजे बांधावर जो करंट सोडतेत ना, त्यात डुक्कर मेलं तर ती शिकार, आणि माणूस गेला तर वेगळाच गुन्हा, आणि असे माणसं दरवर्षी जातेत.

पण कलम ९ च्या खालीच कलम ११ आहे आणि खरा खेळ तिथं आहे. कलम ११ सांगतं की परवानगी कधी देता येते. अनुसूची म्हणजे कायद्याला जोडलेली प्राण्यांची यादी. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल, वाघ, बिबट्या, काळवीट, चिंकारा, तर तो माणसाच्या जिवाला धोका असला किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असला तरच, आणि ती परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतेत. दुसऱ्या अनुसूचीतला असेल तर मात्र "मालमत्तेला धोका" एवढं कारण पुरतं, आणि कायद्यात स्पष्ट लिहिलंय की मालमत्तेत शेतातलं उभं पीक येतं. ही परवानगी खालच्या अधिकाऱ्यालाही देता येते. रानडुक्कर आणि रोही (म्हणजे नीलगाय) दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत.

म्हणजे "मारायची परवानगीच नाही" हे चूक आहे. परवानगीची तरतूद आहे, १९७२ पासून आहे. उलट ज्वारी-हरभऱ्यात काळविटांचा कळप उतरला तर पिकाच्या नावाखाली त्यातलं एकही मारायची परवानगी कुणीच देऊ शकत नाही, मुख्यमंत्री आले तरी नाही, कारण अनुसूची पहिली. पीक तेच, शेतकरी तोच, नुकसान कदाचित जास्तच, पण यादीतली जागा वेगळी. मार्केट यार्डात आडत्यानं ढिगात हात घालून मालाची प्रत ठरवली की भाव तिथंच ठरतो, मग तुम्ही कितीबी घासाघीस करा, तसं ह्या कायद्यात अनुसूचीचं आहे. म्हणून ज्याला हा कायदा वाकवायचाय तो "शिकार चालू करा" म्हणून ओरडत बसत नाही, तो गप जाऊन अनुसूचीवर काम करतो.

ह्या याद्या आल्या कुठून हे बघण्यासारखंय. १९७२ म्हटलं की मराठवाड्यात दुष्काळच आठवतो, माणसं खडी फोडायला गेली होती, आणि त्याच साली ९ सप्टेंबरला ह्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तेव्हा वन्यजीव हा विषय राज्यांच्या यादीत होता, संसदेला त्यावर थेट कायदाच करता येत नव्हता, म्हणून ११ राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून "तुम्हीच करा" असं सांगितलं आणि मग तो झाला. आणि गंमत म्हणजे त्या मूळ कायद्यात शिकार बंद नव्हती! लायसन घेऊन शिकार करता येत होती, आणि त्या लायसनच्या प्रकारावरूनच अनुसूच्या पडल्या होत्या, दुसरी विशेष शिकारीची, तिसरी मोठ्या शिकारीची, चौथी छोट्या शिकारीची, आणि पाचवी उपद्रवी प्राण्यांची ज्यात कावळे, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं होती, त्यांना मारायला काहीच लागत नव्हतं. म्हणजे याद्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बंदूकवाला शौकीन होता, सोयाबीनवाला नव्हता, आणि सोयाबीन तर तेव्हा आपल्याकडं नव्हतंच म्हणा.

त्या आधी वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली तेव्हा शिकार कंपन्यांनी लई विरोध केला होता. परदेशी पाहुण्याला आणायचं, जंगलात नेऊन वाघ मारून द्यायचा, हा त्यांचा धंदा, आणि त्यांचं म्हणणं होतं की आम्ही देशाला डॉलर आणून देतो. त्या काळात डॉलरचा मुद्दा साधा नव्हता. तरी ते हरले, कारण १९६९ ला निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन दिल्लीतच भरलं होतं, वाघ संपत चालल्याची चर्चा जगभर झाली आणि पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः त्या बाजूला होत्या. लॉबी कितीबी पैसेवाली असली तरी वरचा माणूस पक्का असला की ती हरते, हे त्यातनं दिसतं. मग १९९१ च्या दुरुस्तीत लायसनचा सगळा कारभार बंद झाला आणि शिकार खऱ्या अर्थानं बंद झाली. याद्यांचा साचा मात्र तसाच राहिला, अजून तीस वर्षं.

आता इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. आपल्याकडचे फासेपारधी आणि हरणपारधी. हरणं, तितर, लावे, फास लावून धरायचं हेच ज्यांचं पिढ्यान्पिढ्या पोट होतं, ज्यांना इंग्रजानं १८७१ च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली त्यातनं विमुक्त केलं, आणि १९७२ च्या नंतर त्यांचं तेच काम परत गुन्हा झालं. त्यांना कुणी विचारलं नाही. आणि कायद्यात अशी सूट देताच येत नव्हती असं समजू नका, कलम ६५ वाचा, निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क तिथं शाबूत ठेवलेत. म्हणजे सूट लिहिता येते, लिहिलेली आहे, फक्त ज्यांच्यासाठी कुणी बोललं त्यांच्यासाठी लिहिली गेली. पारध्यांसाठी त्या खोलीत बोलणारं कुणी नव्हतं.

खोली खोली म्हणतोय तर ती खोली नेमकी कशी असते ते सांगतो.

संसदेत खात्यांशी जोडलेल्या २४ स्थायी समित्या आहेत. एका समितीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. विधेयक समितीकडं गेलं की समिती पेपरात आणि वेबसाइटवर जाहिरात देते, ज्यांना काही म्हणायचंय त्यांनी लेखी पाठवा, साधारण १५ दिवसांत, इंग्रजीत किंवा हिंदीत. मग काहींना बोलावून त्यांची साक्ष घेतेत, खात्याचे अधिकारी येऊन बसतेत, एकेक कलम वाचलं जातं, आणि शेवटी अहवाल. बैठक बंद दाराआड, पत्रकारांना आत प्रवेश नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समितीत पक्षाचा व्हिप चालत नाही. सभागृहात खासदाराला पक्ष सांगेल तिकडं हात वर करावा लागतो, समितीत तो मोकळा असतो, म्हणून ज्याला शब्द बदलून घ्यायचाय तो सभागृहात जात नाही, समितीत जातो.

२०२१ च्या १७ डिसेंबरला वन्यजीव कायद्याचं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं, आणि पर्यावरणाची जी स्थायी समिती आहे तिच्याकडं गेलं, अध्यक्ष जयराम रमेश, जे स्वतः आधी पर्यावरण मंत्री राहिलेले. अहवाल आला २१ एप्रिल २०२२ ला. विधेयकात सहाच्या चार अनुसूच्या केल्या होत्या, आणि समितीनं त्या याद्या तपासून सांगितलं की अहो ह्यात कितीतरी प्रजाती सुटल्यात, काही चुकीच्या जागी टाकल्यात. म्हणजे विचार करा, देशाचा कायदा, आणि यादीत नावं सुटलेली! हे पकडलं कुणी, तर ज्या संस्थांनी आणि अभ्यासकांनी यादी ओळ न ओळ वाचून लेखी पाठवलं त्यांच्या जिवावर समितीनं. लॉबिंग म्हणजे सुटकेस आणि पंचतारांकित हॉटेल असं आपल्याला पिक्चरमुळं वाटतं, पण निम्म्याहून जास्त लॉबिंग असं असतं, बसून वाचणं आणि वेळेत टाइप करून पाठवणं.

त्याच विधेयकात हत्तीचा मुद्दा होता. पाळलेला हत्ती एकाकडून दुसऱ्याकडं नेता येईल, "धार्मिक किंवा इतर कोणत्याही" कारणासाठी. एका बाजूला देवस्थानं, परंपरा, दुसऱ्या बाजूला प्राणीहक्कवाले जे म्हणत होते की "इतर कोणत्याही" मध्ये तर हत्तीचा बाजारसुद्धा बसंल. समितीत आणि बाहेर लई चर्चा झाली, आणि शेवटी ते शब्द कायद्यात आलेच. लोकसभेनं ऑगस्ट २०२२ मध्ये आणि राज्यसभेनं डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली, १ एप्रिल २०२३ पासून लागू. तसाही समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो.

आणि उपद्रवी प्राण्यांची पाचवी अनुसूची? ती काढून टाकली. पण कलम ६२ ठेवलं. त्यानुसार केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला एखाद्या भागापुरतं, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करू शकतं, मग तेवढ्या भागात तेवढे दिवस त्याला मारणं गुन्हा नाही. केंद्र, राज्य नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी त्यात येतच नाही. रानडुकराचा सगळा राजकीय धिंगाणा ह्या एका कलमाभोवती आहे.

आता कोणत्या समितीकडं विधेयक पाठवायचं हेच एक राजकारण असतं हे लक्षात घ्या. २०२३ च्या मार्चमध्ये वनसंवर्धन कायद्याचं दुरुस्ती विधेयक आलं, विषय सरळसरळ जयराम रमेश यांच्या स्थायी समितीचा, पण सरकारनं ते वेगळी संयुक्त समिती बनवून तिच्याकडं दिलं. रमेश यांनी जाहीर निषेध केला, स्थायी समिती असताना ही नवी कशाला म्हणून. त्या संयुक्त समितीचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचे, बहुमत सत्ताधाऱ्यांचं, आणि तिनं विधेयकात एकही बदल सुचवला नाही, विरोधी सदस्यांनी आपली असहमती लिहून जोडली, विधेयक जसंच्या तसं पास. समिती नेमली होती का, हो नेमली होती. सूचना मागवल्या का, हो मागवल्या. कागदावर सगळं बरोबर.

कायदा झाल्यावर पण खोल्या संपत नाहीत. राष्ट्रीय वन्यजीव मंडळ आहे, पंतप्रधान अध्यक्ष, त्याची पूर्ण बैठक मार्च २०२५ मध्ये गीरला झाली ती कितीतरी वर्षांनी झाली, मधल्या काळात सगळं काम पर्यावरण मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची छोटी समितीच बघत होती. ह्या मंडळात कोण असावं हे कायद्यातच लिहिलंय. लष्करप्रमुख आहेत. पर्यटन खात्याचे महासंचालक आहेत. स्वयंसेवी संस्थांचे पाचजण, नामवंत संवर्धनतज्ज्ञ दहा. शेतकऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून एकही खुर्ची नाही. मी काही म्हणत नाही की लष्करप्रमुख नसावेत, सरहद्दीवरच्या जंगलांचा विषय असतो, पण ज्याच्या पिकावर हे प्राणी जगतेत त्याला एक खुर्ची द्यायला काय हरकत होती?

२०१६ ला बिहारात जे झालं ते कलम ६२ चं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. बिहारनं रोही आणि रानडुकरांसाठी प्रस्ताव दिला, उत्तराखंडनं रानडुकरांसाठी, हिमाचलनं माकडांसाठी, केंद्रानं तिन्ही आदेश काढले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून शिकारी बोलावून २०० हून जास्त रोही मारले, फोटो टीव्हीवर आले, आणि मग मंत्रिमंडळातच भांडण. मेनका गांधी, महिला व बालविकास मंत्री, पण प्राणीहक्काच्या चळवळीतलं सगळ्यात मोठं नाव, त्यांनी स्वतःच्याच सरकारच्या पर्यावरण खात्यावर जाहीर टीका केली. पर्यावरण मंत्री होते आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर, त्यांनी सांगितलं की राज्यानं मागितलं, शेतकऱ्याचं नुकसान होतंय, ठरावीक भागापुरती आणि मुदतीपुरती परवानगी आहे. संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, कोर्टानं स्थगिती दिली नाही. म्हणजे कायद्यानं मंत्री जिंकले. पण त्या फोटोंनंतर हा विषय दिल्लीला इतका पोळला की पुढं केरळनं रानडुकरांसाठी परत परत मागितलं तरी केंद्रानं नाहीच म्हटलं. माझ्या मते लॉबीचा खरा विजय तो होता, निकाल हरून पुढची लढाई जिंकायची.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही, इंग्लंडचं बघा. कुत्र्यांचा ताफा सोडून घोड्यावरून कोल्ह्याची शिकार करायची तिथली जुनी पद्धत, ती बंद करायला कितीतरी वर्षं लागली. शिकारीच्या बाजूनं कंट्रीसाइड अलायन्स नावाची संघटना, तिनं सप्टेंबर २००२ मध्ये लंडनात मोर्चा काढला, ४ लाखांवर माणसं. वरचं सभागृह अडून बसलं, शेवटी खालच्या सभागृहानं खास अधिकार वापरून २००४ साली कायदा केला. बंदी तर आली, पण अपवादांच्या परिशिष्टात ज्या जागा राहिल्या त्यातून पुढं वाट काढली गेली. एक अपवाद असा की शिकारी पक्ष्याला सावज मिळावं म्हणून कुत्र्यांनी ते उठवलं तर चालंल, आणि किती कुत्रे ते लिहिलंच नाही. मग काही ठिकाणी ताफ्यासोबत गरुड नाहीतर घुबड घेऊन एक माणूस निघायला लागला! सगळं कायदेशीर.

अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य तर ह्या बाबतीत धडाच आहे. तिथं लांडगा संरक्षित यादीतनं निघाला की शिकारीचा हंगाम लावावाच लागंल, असा कायदा शिकारी गटांनी २०१२ साली करून घेतला. खात्याला मर्जी ठेवलीच नाही. जानेवारी २०२१ मध्ये लांडगा यादीतनं निघाला, खातं म्हणालं तयारीला वेळ द्या, नोव्हेंबरात बघू, तर कॅन्सस राज्यातली एक शिकारी संघटना कोर्टात गेली आणि कोर्टानं ताबडतोब हंगाम लावायला सांगितला. बिगर-आदिवासी शिकाऱ्यांसाठी कोटा ११९ लांडग्यांचा, तीन दिवसांच्या आत २१८ मेले. तिथल्या ओजिब्वे आदिवासींनी त्यांच्या वाट्याचे ८१ लांडगे मारायचेच नाहीत असं ठरवलं होतं, तेसुद्धा ह्यात गेले. अमेरिकेत निदान १९९५ पासून लॉबी करणाऱ्याला नोंदणी करावी लागते, कोणत्या सभागृहाशी नाहीतर खात्याशी संपर्क केला, किती खर्च केला हे उघड करावं लागतं. आपल्याकडं असा कायदाच नाही. त्यामुळं कोण कुणाला भेटलं ते फक्त अंदाज.

आता शेतकऱ्याची लॉबी होतच नाही असं म्हणाल तर बैलगाडा शर्यत आठवा. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केली. बैलवाले गप बसले का? नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा समवर्ती यादीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही अधिकार, म्हणून महाराष्ट्रानं २०१७ ला स्वतःची दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती घेतली, कोर्टात अडकलं, परत लढले, डिसेंबर २०२१ ला शर्यती चालू आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं शिक्का मारला. सगळ्या पक्षांचे आमदार एका सुरात. का? कारण मागणी एका ओळीची होती, कोणता कायदा बदलायचा ते माहीत होतं, आणि शर्यतीला जमणारी गर्दी पुढाऱ्याला दिसते. डुकरानं नासवलेल्या शेतात गर्दी जमत नाही.

आणि इथं तांत्रिक गोष्ट अशी की वन्यजीव पण आता समवर्ती यादीतच आहे, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून. म्हणजे बैलगाड्याचा रस्ता रानडुकरालाही लागू होतो. केरळनं तोच धरलाय. आधी २०२२ ला त्यांनी कलम ११ खालचे अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षापर्यंत खाली आणले, आणि मग २०२५ च्या ऑक्टोबरात विधानसभेत स्वतःचं दुरुस्ती विधेयकच मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची संमती लागते, आणि संमती द्यायची का नाही हे शेवटी केंद्राच्या सल्ल्यावर, म्हणजे गाडी परत त्याच दिल्लीत. पण निदान कागद तरी तयार झालाय.

महाराष्ट्रानं २०१५ ला रोही आणि रानडुकरांसाठी परवानगीचे अधिकार रेंज ऑफिसरपर्यंत खाली आणले. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. शेतकरी अर्ज करतो, सातबारा जोडतो, नुकसानीचे फोटो, मग गार्ड येऊन खुरांचे ठसे बघणार, पंचनामा. समजा परवानगी हातात आली. आता मारणार कोण? गावात लायसनची बंदूक एखाद्याकडं, ती पण निवडणूक आली की ठाण्यात जमा. शस्त्र कायद्यात पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचं लायसन अजून लिहिलेलं आहे, पण आजच्या तारखेला ते मागायला कोण जातंय आणि देतंय कोण. रात्री उसातनं निघणारं डुक्कर बंदुकीनं टिपणं हे काही गावच्या पोराचं काम नाही, शेजारचा माणूस जायचा. आणि मारलंच तर मेलेलं जनावर सरकारच्या मालकीचं, कलम ३९, वनखात्याच्या ताब्यात द्यायचं, खाल्लं विकलं तर आपण आरोपी. हे बरोबरच आहे म्हणा, नाहीतर पिकाच्या नावाखाली मटणाचा धंदा उभा राहिला असता, आणि सरसकट बंदी उठवा म्हणणाऱ्यांत असे हौशे-गवशे लई आहेत. मी त्यांच्या बाजूचा नाही. पुण्याचे माधव गाडगीळ यांच्यासारखा निसर्गाचा एवढा मोठा अभ्यासक जेव्हा उघड म्हणाला की हा कायदा शेतकऱ्यावर अन्याय करतो आणि शिकार नियमात बसवून चालू करा, तेव्हा ती गोष्ट वेगळी आणि बंदुकीचा शौक असलेल्या फार्महाऊसवाल्यानं म्हणणं वेगळं. पण दोघांची मागणी कागदावर सारखीच दिसते, आणि समितीच्या टेबलावर कागदच जातो.

आपला कागद कसा असतो? तहसीलला जायचं, दहाजणांनी रांगेत उभं राहून निवेदन द्यायचं, फोटो काढायचा. "विषय : वन्यप्राण्यांचा बंदोबस्त करणेबाबत." मजकुरात शेतकरी हवालदिल झाला आहे, आणि शेवटी अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. तहसीलदार ते पुढं पाठवतेत, साहेब वनखात्याला पाठवतेत, वनखातं कळवतं की नियमानुसार कार्यवाही चालू आहे. त्यात कुठलं कलम, कुठला बदल, कोणत्या तालुक्यात किती नुकसान, काहीच नसतं. कलम ६२ चा प्रस्ताव राज्यानं केंद्राला पाठवायचा असतो आणि त्याला भाग, मुदत, नुकसानीचा आकडा लागतो. तो आकडा पंचनाम्यातनं येतो, आणि आपण म्हणतो हजार-दोन हजाराच्या भरपाईसाठी कोण हेलपाटे मारतंय, सोडून द्या. पंचनामा नाही म्हणजे सरकारच्या लेखी नुकसानच नाही.

एक रस्ता अलीकडं उघडला तो पर्यावरण खात्याला वळसा घालून. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या कृषी खात्यानं जाहीर केलं की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीक विम्यात घेता येईल, ७२ तासांत ॲपवर कळवायचं. डुकराला हात न लावता शेतकऱ्याला पैसे, म्हणजे प्राणीवाले खूष, कृषीवाले खूष, विमा कंपनीचं काय ते पुढं कळंल. पण त्या ॲपवर ज्या तक्रारी पडतील ना, त्याच उद्या कलम ६२ च्या प्रस्तावाचा आकडा होऊ शकतेत, म्हणून पैसे मिळोत न मिळोत, नोंद करा.

बाकी आमदाराकडून करून घेण्यासारखं एक काम आहे जे फुकट आहे. "सरकारनं लक्ष द्यावं" असलं भाषण नको, तारांकित प्रश्न द्या म्हणावं, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, आणि तो नेमका. अमुक तालुक्यांत गेल्या वर्षी रानडुकरांचे किती अर्ज आले, किती परवानग्या दिल्या, प्रत्यक्षात किती मारले, आणि कलम ६२ चा प्रस्ताव केंद्राला पाठवला का नाही, तारखेसकट. मंत्र्यांनी सभागृहात "तपासून घेऊ, प्रस्ताव पाठवू" असं म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि विधिमंडळाची एक आश्वासन समिती आहे जी ते पाळलं का नाही हे खात्याला बोलावून विचारते. ह्या समितीकडं वनखात्याचे मोठे साहेब सुद्धा फाइल घेऊन येतेत. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, त्यामुळं नागपूरच्या अधिवेशनाला धरायचं असेल तर दसऱ्याच्या आसपासच आमदाराच्या पीएला गाठायचं, सोबत पंचनाम्यांच्या झेरॉक्स न्यायच्या, आणि प्रश्न आपणच टाइप करून न्यायचा.